पेजेतली चिमूट

आग्योकच्या बोटांना सगळं कळायचं. दूधमाशाच्या अंगात दोनशे बावीस काटे असतात, केसासारखे बारीक, आणि थायनान शहराच्या मासळीबाजारात ती तीस वर्षं ते चिमट्याने एकेक करून उपटत आली होती. आधी मांसावरून बोट फिरवायचं, कुठे खुट्ट लागतंय ते बघायचं, मग चिमटा. डोळ्यांचं त्यात काही काम नाही. "आग्योकच्या माशात काटा निघाला तर दुकानाला टाळं लावीन," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा आणि आग्योक वरवर "पुरे हो तुमचं" म्हणत आतून फुलून जायची.

आणि हीच बाई, पोटच्या पोरीच्या छातीत गाठ वाढत होती तेव्हा शेजारच्या खोलीत खुशाल घोरत होती. ते तिच्या जिवाला लागलं ते लागलंच.

"तुझी बोटं माशांसाठी आहेत, आई," यीरुंग म्हणायची. "मी मासा आहे का?"

यीरुंग एकोणचाळीस वर्षांची. शाळेत भूमिती शिकवायची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती असं उत्तर द्यायची की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. बाप लहानपणीच गेलेला. घरात दोघीच, आणि दोघींची तोंडं चालू असायची सकाळपासून. गाठ सापडली तीही तिची तिलाच, अंघोळ करताना. तपासण्या झाल्या, आणि कळलं की ही साधी गाठ नाही, जोरात धावणारी आहे.

डॉक्टर फान म्हणजे आखूड केसांची, भरभर बोलणारी बाई. तिने कागदावर गोल काढून दोघींना समजावलं. "बाकीच्या गाठींना धरायला तीन प्रकारच्या मुठी असतात, औषध त्यांतली एखादी मूठ पकडतं. हिला तिन्हींपैकी एकही मूठ नाही. आणि दुसरं म्हणजे ही लबाड आहे. आपल्या रक्तात पहारेकरी फिरत असतात. परका दिसला की ते त्याचा निकाल लावतात. पण ही त्यांना ओळखपत्र दाखवते. मी घरचीच आहे, म्हणते. पहारेकरी ते बघतो, मान डोलावतो आणि तिथेच डुलक्या काढत बसतो."

"घरच्यांचं सोंग घेऊन बसलेली," आग्योक म्हणाली.

"अगदी बरोबर बोललात, मावशी. म्हणून केमोच्या जोडीला आपण एक नवं औषध देणार. ते त्या ओळखपत्रावर हात ठेवतं. मग पहारेकऱ्याला ती परकी दिसते आणि तो उठतो." मग डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. जडीबुटी, काढे, गोळ्या, पुड्या, काही म्हणजे काही घ्यायचं नाही. चहात आलं जास्त पडलं तरी मला सांगायचं. कळलं?"

"कळलं," दोघी म्हणाल्या. त्या वेळी दोघींनाही ते खरंच वाटत होतं.

पहिल्या तीन महिन्यांत औषधाने कमाल केली. गाठ अर्धी झाली. डॉक्टर फान पडद्यावरचं चित्र बघून चक्क हसली, आणि ती हसते हे आग्योकला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण यीरुंगचे हाल कुत्रा खात नव्हता. सांधे असे धरले की दोन मजले चढायला तिला तीनदा पायरीवर बसावं लागे. अन्नाचा वास आला की तोंड फिरवायची. आग्योक पहाटे बाजारातून सगळ्यात ताजा मासा आणून तांदळाची पेज करायची, आलं घालून, वर कोथिंबीर. यीरुंग दोन चमचे घ्यायची आणि वाटी सरकवायची.

"अगं, मांजरसुद्धा याहून जास्त खातं!"

"मग मांजर पाळ."

"टोमणे मारायला बरी ताकद येते तुला."

"तेवढीच उरलीय, आई," यीरुंग म्हणायची. पोरीच्या मनगटाची हाडं वर आली होती. आग्योक रोज त्यांच्याकडे बघायची. ही आजाराने जायच्या आधी उपाशी मरणार, असं तिच्या मनाने घेतलं.

अशात ओंगवहिनी आल्या. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. पण गेलं वर्षभर त्या देवळाच्या पायऱ्या तरण्या पोरीसारख्या चढत होत्या. त्यांनी एक पत्र्याचा डबा आग्योकच्या हातात ठेवला. आत करड्या रंगाची पूड.

"रेडिओवरचे ते वैद्य सांगतात ना, दुपारच्या गाण्यांमध्ये? त्यांची. नुसती झाडपाल्याची आहे. माझे गुडघे बघ. आणि भूक म्हणशील तर, बाई गं, मी कुंडीतली झाडं तेवढी खायची ठेवलीत."

"डॉक्टर काही घेऊ नका म्हणालीय, वहिनी."

"डॉक्टर तुझ्या घरी येऊन तिला भरवते का?"

आग्योकने डबा परत केला नाही. तो घेऊन ती सरळ वैद्यदेवाच्या देवळात गेली. तिथे सगळेच आपापली कोडी घेऊन येतात. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे असतात, एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर. मनातला प्रश्न देवाला सांगायचा आणि तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. दोन्ही फुगीर वर आले की नकार. दोन्ही सपाट वर आले की देव हसतोय, म्हणजे उत्तर नाही, पुन्हा विचारायचं. मोठ्या गोष्टीला सलग तीन होकार लागतात.

आग्योक गुडघ्यांवर बसली. पोरीचं नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता, सगळं नीट सांगितलं, म्हणजे देवाचा घोटाळा व्हायला नको. मग विचारलं, "ही पूड दिली तर माझी पोर जेवेल का?"

होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही होकार.

तिला रडू कोसळलं. शेजारी कुठल्याशा परीक्षेचं विचारायला आलेल्या बाईने तिला रुमाल दिला.

दुसऱ्या दिवसापासून पेजेत एक चिमूट पडू लागली. यीरुंगला सांगायचा प्रश्नच नव्हता, ती भूमितीवाली, शंभर प्रश्न विचारणारी. आणि खरंच सांगते, देव खोटं बोलला नाही. पाचव्या दिवशी यीरुंगने वाटी पुसून खाल्ली. दहाव्या दिवशी म्हणाली, "आज तिळाच्या तेलातली कोंबडी कर ना." आग्योक मोरीत जाऊन नळ सोडून रडली. महिन्याभरात सांध्यांची कुरकुर थांबली, गाल भरले, यीरुंग एका दमात दोन मजले चढू लागली आणि घरात पुन्हा भांडणं सुरू झाली. जेवणावरून, टीव्हीच्या आवाजावरून, आग्योकच्या घोरण्यावरून. त्या नऊ आठवड्यांइतकी सुखी आग्योक आयुष्यात क्वचितच झाली असेल. बाजारात मासे साफ करताना गुणगुणायची. चिमूट घालताना डॉक्टरचे शब्द कधी आठवलेच तर मनात म्हणायची, बघ की पोरीकडे, आणखी काय पुरावा हवा?

मग एका रविवारी ती यीरुंगची मान गरम फडक्याने पुसत होती. केस गेल्यापासून ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. बोट गळ्याच्या हाडावरून गेलं आणि थांबलं. हाडाच्या वर, मांसात खोल, डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी. खुट्ट.

तिने बोट पुन्हा फिरवलं. होतं.

"काय गं? हात का थांबला?"

"काही नाही. मळ होता."

"शी! मग काढ की."

तपासणी ठरलेलीच होती, तीन दिवसांनी. या वेळी डॉक्टर फान हसली नाही. अर्धी झालेली गाठ पुन्हा होती तेवढी झाली होती, आणि गळ्याशी नवी आली होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग यीरुंगच्या चेहऱ्याकडे.

"चेहरा गोल दिसतोय तुमचा. रक्तातली साखरही वाढलीय. दंडावर हे काळेनिळे डाग कसले?"

"आई चिमटे काढते," यीरुंग म्हणाली. कोणी हसलं नाही.

"केमोच्या आधी आम्ही थोडं स्टेरॉइड देतो, पण तेवढ्याने हे व्हायला नको. बाहेरचं काही घेता का? पूड, गोळी, काही?"

"नाही," यीरुंग म्हणाली, आणि ती खरं तेच बोलत होती.

"मी विचारते कारण रेडिओवर त्या पुड्या विकतात ना, त्यांत सर्रास तेच मिसळलेलं असतं. आपली जुनी माणसं अमेरिकन संजीवनी म्हणतात ते. भूक लागते, सांधे मोकळे होतात, माणूस टवटवीत दिसतं. पण ते पहारेकऱ्यांना झोपवतं. आपण इतक्या खटपटीने त्यांना उठवायचं आणि त्याने पुन्हा अंगाई म्हणायची. मग गाठीला रान मोकळं." डॉक्टरने आग्योककडे पाहिलं. "मावशी, तुमच्या पाहण्यात काही?"

यीरुंग आईकडे बघत होती, अगदी सहज, आई आता नाही म्हणणार आणि आपण घरी जाणार अशा नजरेने.

"नाही," आग्योक म्हणाली.

ठरलेला डोस त्या दिवशी दिला गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू, डॉक्टर म्हणाली, आणि तेव्हाही गाठ वाढलेलीच असली तर हे औषध बंद करावं लागेल. त्याच्यापुढे काय, ते ती बोलली नाही आणि यीरुंगने विचारलं नाही.

घरी आल्यावर आग्योकने डबा मोरीत उपडा केला आणि पाणी सोडलं. मग खाली जाऊन ओंगवहिनींच्या दारावर थापा मारल्या.

"माझ्या पोरीला काय खायला घातलंत मेल्यांनो, तुम्ही आणि तुमच्या त्या रेडिओने!"

"मी? मी डबा दिला," ओंगवहिनी दारातच कडाडल्या, "भरवायला मी आले होते का वर?"

आग्योक जिन्यात बसली. सांगायचं? पोरीला काय तोंडाने सांगायचं, की तुला मी नऊ आठवडे रोज सकाळी माझ्या हाताने विष कालवून दिलं? ती माझ्या हातचं पाणी तरी पिईल का? नाही. पूड बंद झाली, विषय संपला. आता पहारेकरी उठतील. तीन आठवडे आहेत. कुणाला कळायची गरज नाही.

तरी ती देवळात गेलीच. "मी गप्प राहिले तर चालेल का?" तुकडे टाकले. देव हसला. पुन्हा टाकले. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा नकार आला. सातव्या वेळी कसाबसा एक होकार पडला, आणि आग्योकने घाईघाईने तुकडे उचलून टोपलीत ठेवले, आणखी दोन बाकी आहेत हे आठवत नसल्यासारखं. परतताना तिला आपण पहिल्यांदा काय विचारलं होतं ते आठवलं. जेवेल का, एवढंच. जगेल का, हे तिने विचारलंच नव्हतं. भीतीच वाटली होती तिला.

पूड बंद झाल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी यीरुंग उठायला गेली आणि मोरीच्या दारात कोसळली. आधी उलट्या. मग घाम, थंडगार. ओठ पांढरेफटक. आग्योकने आरडाओरडा केला तेव्हा सगळ्यांत आधी वर धावून आल्या त्या ओंगवहिनीच, आणि रुग्णवाहिकाही त्यांनीच बोलावली.

तातडीच्या विभागात तिघे-चौघे तिच्याभोवती. सलाइनची एक बाटली गेली, दुसरी गेली, रक्तदाब वर येईना. कुणी म्हणालं जंतू पसरले असतील, कुणी म्हणालं हृदय. डॉक्टर फान वॉर्डातून धावत आली. कागद चाळले, डोळे बघितले, आणि दुसऱ्या डॉक्टरला म्हणाली, "मला वाटतं आपल्या नव्या औषधाने हिच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींवर घाला घातलाय. होतं असं कधीकधी. पहारेकरी जास्तच खवळतात आणि आपल्याच माणसांना मारत सुटतात." ती आग्योककडे वळली. "मावशी, आता जीव वाचवायचं बघू. पण ते औषध मला थांबवावं लागेल. बहुतेक कायमचं."

कायमचं. आग्योकच्या कानात ते घणासारखं आदळलं. म्हणजे तिच्या पोरीच्या बाजूने लढणारं जे एकच उरलं होतं, त्याच्यावर आळ आला होता, आणि खरा चोर कोण ते ठाऊक असलेली बाई पलंगाच्या पायथ्याशी मुकाट उभी होती. आणखी एक मिनिट गप्प बसलं तर सगळं निभावून जाईल. कुणाला कधीच कळणार नाही. पोरही जाईल, कळायच्या आत.

ती बाजारात निघण्याच्या तयारीतच धावली होती, कमरेला मासळीचा एप्रन तसाच. तिने त्याच्या खिशात हात घातला आणि पत्र्याचा डबा काढला. पूड तिने मोरीत ओतली होती, पण डबा टाकवला नव्हता. घट्ट झाकणाचा, चांगला डबा. त्यात ती चिमटे ठेवायला लागली होती. तिने झाकण उघडून चिमटे यीरुंगच्या पायाशी चादरीवर ओतले आणि डबा पुढे केला. कोपऱ्यांमध्ये करडी पूड चिकटलेली होती.

"औषधाने नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं. पेजेत घालत होते. नऊ आठवडे, रोज. तुम्ही बोललात त्या दिवशी बंद केलं."

"एकदम बंद केलं?"

"एकदम."

"अहो मावशी," डॉक्टर फान म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "नऊ आठवडे बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं! एकदम काढून घेतलंत तर माणूस असंच कोसळतं. त्या दिवशी बोलला असतात तर..." तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि नर्सला सुईचं नाव सांगितलं. जे विष म्हणून आग्योकने मोरीत ओतलं होतं तेच, मोजून मापून, आता पोरीच्या शिरेत जात होतं. अर्ध्या तासात पडद्यावरचे आकडे वर चढू लागले.

दुपारी डॉक्टर बाहेरच्या बाकड्यावर तिच्या शेजारी येऊन बसली. आता ओरडत नव्हती. ग्रंथींना आपसूक जाग यायला हवी, म्हणून ते स्टेरॉइड हळूहळू, आठवड्या-आठवड्याने कमी करायचं. पाच-सहा आठवडे लागतील. नवं औषध थांबवणार नाही. पण पहारेकरी पुरते जागे होईपर्यंत ती गाठ थांबेल का?

"थांबेल का?" आग्योकने विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "खरंच माहीत नाही, मावशी. पण निदान आता मला कळलं मी कुणाशी लढतेय."

यीरुंग जागी झाली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. डॉक्टरने तिला सगळं सांगितलं होतं. आग्योक दारातच उभी राहिली.

"ये की," यीरुंग म्हणाली. "चावत नाही मी."

आग्योक आली. पलंगाच्या कडेला टेकली. माफी मागायची म्हणून तिने बाकड्यावर बसून शब्द जुळवले होते, ते सगळे कुठे गेले कुणास ठाऊक.

"पेज कडू लागायची," यीरुंग छताकडे बघत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं? एवढे प्रश्न विचारतेस जगाला!"

"तुझ्या हातची होती ना." यीरुंगचा आवाज अगदी साधा होता. "तुझ्या हातचं मी कधी काटा बघून खाल्लंय का?"

आग्योकने तोंडात एप्रनचा बोळा कोंबला, पण हुंदका बाहेर पडायचा तो पडलाच. यीरुंगने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही. बऱ्याच वेळाने तिने नर्सने उशाशी आणून ठेवलेल्या चिमट्यांपैकी एक उचलून आईच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्योक पेज घेऊन आली. मासा, आलं, तांदूळ, मीठ. दुसरं काही नाही. तिने वाटी यीरुंगच्या हातात दिली आणि हात मागे घेतला.

यीरुंगने चमचा बुडवला. तळापासून ढवळलं. चमचा वर उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळे बारीक करून बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा.

"बघ," आग्योक म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "नीट बघ, बाळा. रोज बघत जा."

यीरुंगने आणखी थोडा वेळ बघितलं, आणि मग ती खाऊ लागली.